‘हिअर इज ग्रीनवुड’: मांगा की ॲनिमे?

युकिए नासू यांच्या मांगाचे (जपानी चित्रकथेचे) 11 खंड आहेत, तर 1991 ते 1993 मध्ये त्यावर आलेल्या ॲनिमेचे (जपानी ॲनिमेशन मालिकेचे) भाग फक्त 6. वेळ कमी असेल तर ॲनिमेच बघा. ज्या मुलीवर जीव जडला तिचं लग्न सख्ख्या मोठ्या भावाशी झालं, म्हणून नायक हासुकावा मुलांच्या वसतिगृहात येतो आणि तिथे सीनियर त्याला पहिल्याच दिवशी गंडवतात. खोलीतला सोबती म्हणे मुलगी आहे! या गमतीला पडद्यावर जास्त धार येते, कारण हा सोबती, शुन, खरंच मुलीसारखा दिसतो. भुताचा भागही झकास.

मांगा मात्र ऐसपैस. मित्सुरू आणि शिनोबू ही गंडवणाऱ्या सीनियरांची जोडगोळी खरी कळते ती तिथेच. चित्रशैली जुनी, ऐंशीच्या दशकातली. मला तीच आवडते.