चार पोर्टचा लॅन टॅप घेतला, कोणी घ्यावा आणि कोणी नाही

रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या युनिटचं नेटवर्क मी बघतो, म्हणजे दुसरं कोणी बघत नाही म्हणून मी बघतो. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डबा, म्हणजे एनव्हीआर, रात्री बाहेर कोणाशी बोलतो ते शोधायचं होतं, आणि ऐकणाऱ्या लॅपटॉपमधून एकही पॅकेट (डेटाचा तुकडा) वायरवर जायला नको होतं. म्हणून मालकांना विचारून लॅन टॅप, म्हणजे नेटवर्कच्या वायरवरचं बोलणं नुसतं ऐकू देणारा बोर्ड, मागवला, ग्रेट स्कॉट गॅजेट्सचा थ्रोइंग स्टार.

छोटासा बोर्ड, चार पोर्ट, बोर्डाला स्वतःला ना विजेचा अॅडॅप्टर ना सॉफ्टवेअर. दोन पोर्ट लाईनच्या मध्ये टाकायचे, उरलेले दोन ऐकायला. चाळीत भिंतीला कान लावल्यासारखं, पलीकडच्याला पत्ता नाही. ऐकायच्या पोर्टला फक्त रिसीव्हची, म्हणजे ऐकायची, तारांची जोडी जोडलेली असते त्यामुळे लॅपटॉपने कितीही ठरवलं तरी तो बोलू शकत नाही, सेटिंगवर विश्वास ठेवायचा प्रश्नच नाही, आणि मला नेमकं हेच आवडलं.

आता खरी गोम. १०० एमबीपीएसवर लॅन वायरच्या पिन १-२ वरून डेटा एका दिशेला जातो आणि ३-६ वरून दुसऱ्या दिशेला, म्हणून एका पोर्टवर अर्धंच संभाषण मिळतं. दोन्ही बाजू हव्या तर दोन लॅन कार्ड लागतात, मी एक यूएसबीचं लावलं, दोन फाईली घेतल्या आणि मर्जकॅप नावाच्या टूलने जोडल्या. कार्डाला आयपी देऊ नका, प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्यांच्या नावची पॅकेटंही घ्यायचा) चालू करा, आणि लिंक येत नसेल तर ऑटो निगोशिएशन (वेग आपोआप ठरवणं) बंद करून १०० वर फिक्स करून बघा. गिगाबिटमध्ये (१००० एमबीपीएस) तारांच्या चारही जोड्यांवर एकाच वेळी दोन्हीकडून सिग्नल जातो, तो असा साध्या तारेने वेगळा काढता येत नाही, म्हणून टॅपमधले कपॅसिटर लाईनला मुद्दाम १०० वर आणतात. एनव्हीआरला तेवढं पुरलं, सर्व्हरच्या लाईनवर लावाल तर अख्खं ऑफिस तुमच्या नावाने ओरडेल. आणि लावताना-काढताना लिंक क्षणभर तुटतेच, चालू शिफ्टमध्ये हात लावू नका. पीओईच्या, म्हणजे लॅन वायरमधूनच वीज घेणाऱ्या, कॅमेऱ्याच्या वायरवर मी तर लावणार नाही.

पॅकेट बघायच्या वायरशार्क सॉफ्टवेअरमध्ये दिसलं काय, तर नावावरून पत्ता शोधायचं डीएनएस, घड्याळ जुळवायचं एनटीपी आणि कंपनीच्या क्लाउडला सारखं जाणारं कनेक्शन. आतला मजकूर एन्क्रिप्टेड, तो टॅपने काही उघडत नाही, पण कोणाशी, कधी आणि किती एवढं कळलं. एनव्हीआरच्या मेनूत जाऊन पी२पी (क्लाउडमार्फत बाहेरून कॅमेरे बघायची सोय) बंद केलं.

मॅनेज्ड स्विच (सेटिंग बदलता येणारा) आधीच असेल तर मिरर पोर्ट, म्हणजे दुसऱ्या पोर्टच्या ट्रॅफिकची नक्कल देणारा पोर्ट, वापरा, फुकटात होतं, फक्त ट्रॅफिक जास्त झालं की तो गुपचूप पॅकेट टाकून देतो आणि तुम्हाला वाटतं सगळं आलं.

ठाणे स्टेशनजवळच्या दुकानात लॅन टॅप मागितला तर आरजे४५चा (लॅनच्या पिनचा) स्प्लिटर, एका सॉकेटचे दोन करणारा, हातात ठेवतात, दिसायला भाऊभाऊ असले तरी तो वेगळा, घेऊ नका.