स्पीकरच्या डब्याला कोणता गोंद? एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मार्चमध्ये मी स्पीकरच्या दोन जोड्या बनवल्या. एक घरची, माजघरातल्या कपाटावर ठेवायची: 18 मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी), साडेसहा इंची व्हूफर (खर्जाचा स्पीकर), सीलबंद डबा, आतून 20 बाय 30 बाय 20 सेंमी म्हणजे बरोबर 12 लिटर. दुसरी आमच्या वाडीच्या भजनी मंडळाची: 18 मिमी मरीन प्लाय (ओल सोसणारं प्लायवूड), 12 इंची व्हूफर, पुढे पोर्ट, म्हणजे हवा जायायचं नळीसारखं भोक. आता कार्तिक चालू आहे. मधल्या काळात मे महिन्याचा उकाडा गेला, रत्नागिरीचा चार महिन्यांचा पाऊस गेला आणि गणपतीत मंडळाचे डबे या घरातून त्या घरात हिंडले. डबा कसा बनवायचा, व्हूफर कोणता घ्यायचा यावर बरंच लिहिलेलं सापडतं. गोंदावर कोणी फारसं लिहीत नाही, आणि माझा आधीचा डबा फसला तो गोंदामुळेच. म्हणून सविस्तर लिहितोय.

तो डबा मंडळाचाच होता. दुकानदाराने सनमायका चिकटवतात तो पिवळसर, रबरी गोंद दिला. "हाच लावा, दहा मिनिटांत पकडतो." पकडला खरा. वर्षभर डबा छान वाजला. दुसऱ्या गणपतीत आरती संपून भजन सुरू झालं आणि बुवांनी पेटीवरचा हात थांबवून माझ्याकडे बघितलं. "अरे, उजवा डबा फुरफुरतोय." पखवाजाचा भरीव 'धा' पडला की मागून फुर्रर्र असा आवाज यायचा. व्हूफर फाटला असेल म्हणून आधी तोच बदलला. आवाज तसाच. शेवटी पेटती उदबत्ती घेऊन डब्याच्या कडेकडेने फिरवली, तर मागच्या फळीच्या खालच्या सांध्यापाशी धूर ठोक्यागणिक थरथरत होता. फळी ओढून बघितली तेव्हा गोंदाच्या बारीक तारा ताणल्या गेल्या, च्युइंगगमसारख्या. इतक्या काळानंतरही तो गोंद आतून मऊच होता.

रबरी गोंदाचं हे असंच असतं आणि तो त्याचा दोष नाही. दोन्ही पृष्ठभागांना लावायचा, हाताला चिकट लागेपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं, अशी त्याची पद्धत. रुंद, पातळ वस्तू लाकडावर बसवायला तो उत्तम आहे. सनमायका, रेक्झिन, डब्याला गुंडाळायचं कार्पेट, या सगळ्यासाठी मी आजही तोच वापरतो. पण तो कायम लवचीक राहतो, सतत ताण पडला की हळूहळू सरकतो. स्पीकरच्या डब्यात ताण थांबतच नाही. 50 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांचा, सूर तासभर वाजला तर फळ्या 1,80,000 वेळा आत-बाहेर ढकलल्या जातात. अशा ठिकाणी सांधा सरकणारा नको, दगडासारखा हवा.

मग उरतो पांढरा गोंद. आपल्याकडे कुठल्याही पांढऱ्या गोंदाला फेव्हिकॉलच म्हणतात, 1959 पासून हे नाव बाजारात आहे, त्यामुळे दुकानात नुसतं "फेव्हिकॉल द्या" म्हटलं तर समोर काय येईल सांगता येत नाही. डब्यावरचं नाव वाचून घ्या. हा गोंद म्हणजे पाण्यात कालवलेला पीव्हीए, एक कृत्रिम राळ. यात साधारण निम्मं पाणीच असतं. ते पाणी लाकूड शोषून घेतं, गोंद तंतूंमध्ये शिरतो आणि सुकतो. दोन गोष्टी यातूनच कळतात. एक, फळ्यांमध्ये फट असेल तर गोंद सुकताना आकसतो आणि फट पोकळच राहते. दोन, यात वरून पाणी घालू नये. आमच्याकडचे बरेच मिस्त्री "घट्ट झालाय" म्हणून पाणी ओततात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं. सांध्यात राहायचा तो गोंद, आणि आपण त्याच्या जागी उडून जाणारं पाणी भरतोय.

आता साधा की वॉटरप्रूफ? मी निर्णय घेण्याआधी मरीन प्लायच्या उरलेल्या पट्ट्या जोडून बघितल्या. दोन जोड साध्या पांढऱ्या गोंदाने, दोन फेव्हिकॉल मरीन या वॉटरप्रूफ गोंदाने. आठ दिवस सुकू दिले आणि रात्रभर बादलीत बुडवले. सकाळी साध्या गोंदाची रेघ दुधासारखी पांढरी पडली होती, पट्ट्या हाताने पिरगळल्या तशा सुटल्या. मरीनचे जोड हाताने हलेनात. पटाशी घालून ठोकलं तेव्हा सुटले, पण गोंदावरून नाही, प्लायचा वरचा पापुद्रा गोंदाला चिकटून फाटून आला. डबा कोणी बादलीत बुडवत नाही हे मान्य. पण कोकणात जुलैमध्ये भिंतीला हात लावला तरी ओल लागते, आणि मंडळाचे डबे भर पावसात टेम्पोत चढतात. दोन्ही जोड्या मरीननेच केल्या. साध्यापेक्षा महाग पडतो, पण चार डब्यांना किलोभरही लागला नाही.

वॉटरप्रूफ गोंदाने एमडीएफ वॉटरप्रूफ होत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. त्याबद्दल शेवटी सांगतो.

एमडीएफच्या कापलेल्या कडा गोंद पितात. फळीच्या सपाट अंगावर लावलेला गोंद तसाच दिसतो, कडेवरचा मिनिटभरात नाहीसा होतो. म्हणून कडेला आधी पातळ हात मारून जिरू दिला, दहा मिनिटांनी दुसरा हात दिला आणि मग फळ्या बसवल्या. नंतर सी-क्लॅम्प. दाब किती द्यायचा याची माझी खूण अशी: सांध्याच्या रेघेवर मोहरीएवढे थेंब एकाआड एक, सगळ्या लांबीभर बाहेर यायला हवेत. एका टोकाला ओघळ आणि दुसरं टोक कोरडं, तर फळी गुण्यात (काटकोनात) बसलेली नाही. क्लॅम्प जीव खाऊन आवळले तर सगळा गोंद बाहेर येतो आणि सांधा उपाशी राहतो. बाहेरचा गोंद ओल्या फडक्याने लगेच पुसला, कारण तो सुकला की तिथे पॉलिश धरत नाही, डाग दिसतो. आतला मात्र पुसला नाही, बोटाने कोपऱ्यात ओढून घेतला.

मार्चमध्ये रात्रभर क्लॅम्प पुरले. जुलैमध्ये मंडळाच्या एका डब्यात आधाराची आडवी पट्टी बसवली, तेव्हा दुसऱ्या दिवशीही कोपऱ्यातला गोंद पांढराच होता. हवेतच पाणी असताना गोंदातलं पाणी जाणार कुठे? दोन दिवस क्लॅम्प ठेवले. पावसाळ्यात डबे बनवणार असाल तर घाई करू नका.

उन्हाचीही एक परीक्षा झाली. मे महिन्यात एका सप्ताहाला डबे नेले आणि दुपारभर ते बंद टेम्पोत राहिले. साधा पीव्हीए 30-40 अंशांपासूनच नरम पडायला लागतो, त्यामुळे मनात धाकधूक होती. काही झालं नाही. माझ्या मते याचं श्रेय एकट्या गोंदाला नाही. मागच्या-पुढच्या फळ्या मी नुसत्या टेकवल्या नव्हत्या, बाजूच्या फळ्यांना 6 मिमी खाच काढून त्यात बसवल्या होत्या आणि प्लायला स्क्रूही मारले होते. वजन लाकडावर पेललं जातं, गोंद फक्त धरून ठेवतो. फळ्या सरळ कापून घेण्यासाठी दुकानात थोडे जास्त पैसे मोजा, ते कुठल्याही भारी गोंदापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

एपॉक्सी (ॲरल्डाइटसारखा, दोन भाग कालवून लावायचा गोंद) मी तीनच ठिकाणी वापरलं. पोर्टचा पीव्हीसी पाइप, कारण पीव्हीए प्लास्टिकला धरतच नाही. पाइप पॉलिश पेपरने खरवडून ॲरल्डाइटने बसवला. एका आधारपट्टीपाशी मिलीमीटरभर फट राहिली होती, तिथे ॲरल्डाइटमध्ये एमडीएफचा भुसा कालवून भरला. एपॉक्सी आकसत नाही, फट भरतं, त्याला दाबही लागत नाही. आणि तिसरं, तो जुना फसलेला डबा. मोडलेल्या सांध्यावर नुसता नवा पांढरा गोंद लावून उपयोग नसतो, आधीच सुकलेल्या गोंदावर तो धरत नाही. जुना रबरी थर पटाशीने कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडला आणि एपॉक्सीने जोडला. तो डबा आज आमच्या शाळेच्या स्टेजवर वाजतोय. एकच काळजी घ्या, एका वेळी भरपूर कालवू नका. कपातलं मिश्रण स्वतःच तापतं आणि हातात घट्ट होतं.

आतल्या कोपऱ्यांवर सिलिकॉनची रेघ मारायची पद्धत आहे. चांगली आहे, मीही मारली. पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन डब्यात नको. सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं आणि बंद डब्यात ते तांब्याच्या तारांना, टर्मिनलना खातं. न्यूट्रल म्हणून मिळतं ते घ्या, आणि वास पूर्ण जाईपर्यंत व्हूफर बसवू नका.

परवा दोन्ही जोड्या उघडल्या. व्हूफर काढून आत टॉर्च मारला. मंडळाच्या डब्यांत गोंदाची रेघ जशीच्या तशी, नखाने टोकरली तरी उठत नाही. मग मोबाइलवर 40 हर्ट्झचा सूर लावून घरच्या सीलबंद डब्यांभोवती उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर. फक्त टर्मिनलच्या प्लेटपाशी थोडा हलला, तिथला फोमचा गॅस्केट (फट बंद करायची पट्टी) दबला होता. गोंदाचा काही संबंध नाही, गॅस्केट बदलला.

तक्रार एकच, आणि ती गोंदाची नाही. घरच्या उजव्या डब्याची तळाची कड एका कोपऱ्यात दोन मिलीमीटर फुगली आहे. ऑगस्टमध्ये कपाट ओल्या फडक्याने पुसल्यावर डबा लगेच परत ठेवला गेला. सांधा शाबूत आहे, पण फुगलेला एमडीएफ पुन्हा बसत नाही. कड घासून तिला एपॉक्सीचा हात दिला आहे, आणि चारही डब्यांना खालून रबरी बूट लावायला घेतले आहेत.