एमएस ॲथलेटिक ट्रेनिंग, दीड वर्षानंतर: शिक्षण उत्तम, पण मैदानापर्यंत पोहोचायचा खर्च आधी विचारून घ्या

पुण्यात बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) पूर्ण करून मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठात ॲथलेटिक ट्रेनिंगच्या, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती टाळणे, मैदानावरील तातडीचे उपचार आणि पुनर्वसन या विषयाच्या एमएसला प्रवेश घेतला, त्याला आता दीड वर्ष होत आले. सीएएटीई या संस्थेची अभ्यासक्रमाला लागणारी मान्यता, बीओसीची (ॲथलेटिक ट्रेनर म्हणून प्रमाणपत्र देणारी) परीक्षा, प्रवेशासाठी लागणारे विषय यांची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून ती येथे पुन्हा देत नाही. गेल्या महिन्यात माझ्या जुन्या गाडीचा अल्टरनेटर बंद पडला, आणि त्याचे बिल भरताना वाटले की या पदवीचा जो खर्च माहितीपत्रकात दिसत नाही, तो कोणीतरी लिहायला हवा.

हा खर्च म्हणजे क्लिनिकल साइटपर्यंतचा प्रवास. प्रत्येक सत्रात आम्हाला एका प्रिसेप्टरच्या (साइटवर शिकवणाऱ्या अनुभवी मार्गदर्शकाच्या) हाताखाली काम करायचे असते, आणि ती साइट विद्यापीठाच्या आवारातच असेल असे नाही. माझी पहिली साइट शेजारच्या गावातील हायस्कूल होती. शुक्रवारी रात्री अमेरिकन फुटबॉलचा सामना संपतो, त्यानंतर खेळाडूंची तपासणी, बर्फ, नोंदी आणि सामानाची आवराआवर होते, आणि तोपर्यंत शेवटची बस कधीच गेलेली असते. म्हणजे गाडी ही सोय नसून अभ्यासक्रमाची अट आहे. गाडीची किंमत, विमा, पेट्रोल आणि दुरुस्ती हे सर्व विद्यार्थ्याने सोसायचे. या तासांचा मोबदला मिळत नाही. उलट त्यांच्या क्रेडिटचे शुल्क आपणच भरतो. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला 20 तास काम करता येते, पण दुपारपासून रात्रीपर्यंत मैदानावर असणाऱ्याला ते तास मिळणार कुठून? त्यात किमान चार आठवड्यांचे सलग पूर्णवेळ क्लिनिकलही सक्तीचे आहे. माझे ते दुसऱ्या शहरात आले आणि त्या काळात मी दोन ठिकाणचे भाडे भरले.

याबाबत मी विभागाकडे लेखी तक्रार केली. उत्तरात विद्यार्थी पुस्तिकेतील एक वाक्य दाखवण्यात आले: साइटपर्यंतच्या प्रवासाची जबाबदारी विद्यार्थ्याची राहील. ती पुस्तिका आमच्या हाती प्रवेश निश्चित झाल्यावर, अनामत रक्कम भरून झाल्यावर आली होती. जवळच्या साइटची विनंतीही अमान्य झाली. घरून कर्ज काढून आलेल्या विद्यार्थ्याला अर्ज करतानाच साइटची यादी आणि अंतरे मिळायला हवीत. ही माहिती विभागाकडे तयार असते, म्हणून ती न देणे मला अक्षम्य वाटते.

पहिल्या सत्रानंतर हा अनुभव लिहिला असता, तर फिजिओथेरपीच्या पदवीधरांनी इकडे येऊ नये असाच सल्ला दिला असता. सांध्यांच्या चाचण्या आणि पुनर्वसन मला परिचित होते, आणि पाण्याचे कूलर भरण्यात व घोट्याला टेप बांधण्यात दिवस जात होते. ते मत ऑगस्टमधल्या सराव शिबिरात पूर्ण बदलले. हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रिसेप्टरनी आम्हाला मैदानाच्या कडेला बर्फाच्या पाण्याचा टब भरायला लावला आणि उष्माघाताची रंगीत तालीम पुन्हा पुन्हा करून घेतली. श्रमामुळे उष्माघात झालेल्या खेळाडूच्या शरीराचे तापमान गुदद्वारातूनच मोजायचे, कारण कपाळाचा किंवा कानाचा आकडा फसवतो, ते 40.5 अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि खेळाडू गोंधळलेला असेल, तर रुग्णवाहिकेची वाट न पाहता त्याला टबात उतरवायचे, पाणी सतत ढवळत ठेवायचे, 30 मिनिटांच्या आत तापमान 39 च्या खाली आणायचे आणि मगच रुग्णालयात पाठवायचे. 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा फुटबॉल खेळाडू जॉर्डन मॅकनेअर उष्माघाताने गेला. त्याला बर्फाच्या पाण्यात उतरवलेच गेले नव्हते, असे नंतरच्या चौकशीत स्पष्ट झाले. पुण्यात मी दुखापतीनंतर उपचाराला आलेले रुग्ण पाहिले होते, परंतु मैदानावर कोसळलेल्या माणसाची पहिली दहा मिनिटे कोणाच्या हातात असतात आणि त्याने नेमके काय करायचे असते, हे मला या पदवीने शिकवले. कूलर भरणाऱ्यालाच कोणता खेळाडू आज पाणी टाळतो आहे हे आधी कळते, हेही तेव्हाच उमगले, आणि त्या कामाबद्दल आता माझी तक्रार नाही.

व्हिसाबद्दल थोडक्यात: माझी पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही, त्यामुळे ओपीटीचे, म्हणजे पदवीनंतर अमेरिकेत काम करण्याच्या परवानगीचे, 12 महिने संपल्यावर 24 महिन्यांची वाढ मिळणार नाही. या पदवीने फिजिओथेरपिस्टचा परवानाही मिळत नाही. त्याचा मार्ग आणि परीक्षा वेगळी आहे. बीओसी उत्तीर्ण झाल्यावरही राज्याचा परवाना घ्यावा लागतो, अपवाद फक्त कॅलिफोर्नियाचा. भारतात संघाबरोबर हे काम बहुतेक वेळा फिजिओच पाहतो, त्यामुळे परतणाऱ्याने आपले बीपीटीएच जपून ठेवावे.

अर्ज करणाऱ्यांनी बीओसीच्या निकालाची टक्केवारी जरूर पाहावी, ती विद्यापीठांना जाहीर करावीच लागते. पण मुलाखतीत पहिला प्रश्न विचारावा तो असा: गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या साइट कोणत्या होत्या, किती मैलांवर होत्या आणि गाडी नसलेल्या विद्यार्थ्याने तिथे कसे जायचे? याचे लेखी उत्तर मिळाल्याशिवाय अनामत रक्कम भरू नये.