हीटिंग नेमके केव्हा बंद करावे? स्मार्ट थर्मोस्टॅटचा आठ महिन्यांचा अनुभव

श्टुटगार्टमधील आमच्या भाड्याच्या घरात गॅसचा स्वतंत्र बॉयलर असल्यामुळे हीटिंग केव्हा सुरू करायचे आणि केव्हा बंद करायचे, हे आम्हीच ठरवतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये चारही रेडिएटरवरील (खोली तापवणाऱ्या, गरम पाणी फिरणाऱ्या पट्ट्यांवरील) जुन्या फिरक्या काढून तिथे स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचे तापमान पाहून झडप आपोआप उघडणारी-मिटणारी आणि फोनवरील ॲपला जोडलेली उपकरणे, बसवले. हे काम घरच्या घरी होते. रेडिएटरमधील पाणी काढावे लागत नाही. हिवाळ्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. बैठकीच्या खोलीत २० आणि झोपण्याच्या खोलीत १७ अंश त्यांनी निमूटपणे राखले. खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली.

जर्मनीत साधारणपणे १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल हा हीटिंगचा काळ मानला जातो. पूर्वी आम्ही त्याहीआधी, मार्चअखेर दोन-तीन दिवस चांगले ऊन पडले की, बॉयलर बंद करत असू आणि आठवडाभरात मुकाट्याने पुन्हा सुरू करत असू. एका वर्षी तर या उत्साहापायी कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरली. यंदा ॲपमधील तापमानाचा आलेख पाहिल्यावर आमची चूक लक्षात आली: आम्ही दुपारचे तापमान पाहत होतो, पाहायला हवे होते पहाटेचे. बाहेर दुपारी १८ अंश असले, तरी हिवाळाभर गारठलेल्या उत्तरेकडील भिंती तेवढ्याने तापत नाहीत, आणि स्वयंपाकाची व आंघोळीची वाफ त्याच थंड भिंतींवर जाऊन बसते.

म्हणून यंदा टप्प्याटप्प्याने गेलो. एप्रिलच्या मध्यास दक्षिणेकडील बैठकीची खोली बंद केली, झोपण्याची खोली मात्र चालू ठेवली. सलग पाच दिवस सकाळी सहाला, रेडिएटर न उघडता, ती खोली १८ अंशांच्या खाली गेली नाही, तेव्हाच बॉयलर फक्त गरम पाण्यापुरता चालेल अशा उन्हाळी स्थितीत टाकला. तो दिवस होता १८ मे. शेजारच्या आजी १५ मे रोजी येणारी ‘काल्टे सोफी’ (वसंतातल्या थंडीचा शेवटचा दिवस, असा लोकसमज) उलटल्याशिवाय टोमॅटोची रोपे बाहेर ठेवत नाहीत. त्यांचा हिशेब आमच्या ॲपपेक्षा फारसा चुकला नाही. त्याच सुमारास नाशिकला आई कूलरमध्ये पाणी भरत होती, त्यामुळे फोनवर हा विषय मी काढला नाही.

एक तक्रार मात्र गंभीर आहे. खोलीचे तापमान एकदम घसरले की खिडकी उघडली असे समजून हे उपकरण रेडिएटर बंद करते. जानेवारीत ते अचूक चालले. एप्रिलमध्ये आतल्या आणि बाहेरच्या तापमानात फरकच थोडा असल्याने खोली हळूहळू गार होते, उपकरणाला काही कळत नाही आणि अर्ध्या उघड्या बाल्कनीच्या दाराशेजारी रेडिएटर खुशाल तापत राहतो. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवण्याचा हाच काळ, आणि नेमकी तेव्हाच ही सोय कुचकामी ठरते. शिवाय उपकरण रेडिएटरला चिकटून असल्यामुळे त्याचा आकडा खोलीच्या मध्यापेक्षा दीड-दोन अंश जास्त येतो. साधा तापमापक टेबलावर ठेवून ती दुरुस्ती ॲपमध्ये करून घ्यावी, नाहीतर पहाटेच्या नोंदीही फसव्या ठरतात.

वर्षाचे गॅसबिल अजून आलेले नसल्याने बचतीचा आकडा देत नाही. बॉयलर उन्हाळी स्थितीत टाकल्यानंतर रेडिएटरच्या झडपा पूर्ण उघड्या ठेवल्या आहेत, कारण महिनोन्महिने दाबून बंद राहिल्यास आतली खीळ अडकते. झडप मोकळी राहावी म्हणून उपकरण आठवड्यातून एकदा ती आपोआप फिरवते, शनिवारी सकाळी, चारही खोल्यांत घरघर करत.