पाहुणे फ्लॅटवर ठेवायचे की लॉजवर? कोल्हापुरातल्या शिफ्टवाल्यांसाठी

कोल्हापुरात नोकरी लागली की पहिला फोन अभिनंदनाचा येतो आणि दुसरा ‘मग अंबाबाईला कधी येऊ?’ असा. आम्हा वर्धा-नागपूरकडच्यांची तर आयतीच सोय आहे. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट इथं आणून सोडते, मध्ये कुठं गाडी बदलायची भानगड नाही. त्यामुळे पाहुणे येणार हे धरूनच चालायचं. त्यांना आपल्या वन बीएचकेत उतरवायचं की गावात खोली घेऊन द्यायची, एवढंच आपल्या हातात असतं. एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या, भाड्यानं एकट्यादुकट्यानं राहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. सकुटुंब राहत असाल तर हा निर्णय तसाही तुम्ही घेणार नाही.

मी गोकुळ शिरगावच्या बाजूला, म्हणजे शहराबाहेरच्या एमआयडीसीजवळ राहतो. दोन्ही प्रकार करून पाहिलेत.

फ्लॅटची बाजू आधी, कारण मन तिकडेच ओढतं. घरचं माणूस आलं की चार दिवस घराला घरपण येतं. मेसच्या डब्याला सुटी मिळते, आई किंवा मावशी आली तर डब्यातल्या डाळी-तांदळाचा पंचनामा होतो, रात्री गच्चीवर गप्पा होतात. अंथरुणाची काळजी करू नका. जवळच्या मंडपवाल्याकडे गाद्या-उशा भाड्यानं मिळतात, चादरी तेवढ्या आपल्या वापरा. कणेरी मठ इथून हाकेच्या अंतरावर, म्हणजे एक दुपार तिथं सहज जाते. आणि ‘पोराकडं राहून आलो’ हे गावी जाऊन सांगण्यात जी मजा आहे ती ‘लॉजवर उतरलो होतो’ यात नाही, हे मलाही मान्य आहे.

पहिली छोटी अडचण किल्लीची. महाराष्ट्र एक्स्प्रेस दुपारी पोहोचते आणि पहिल्या पाळीवाला तेव्हा कंपनीत असतो. किल्ली घरमालकीण काकूंकडे ठेवली तर काम होतं. फक्त तुम्ही पोहोचेपर्यंत तुमचा पगार, लग्नाचं कुठवर आलंय आणि गेल्या महिन्यात भाडं किती उशिरा दिलं, या सगळ्याची देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चहावर झालेली असते. हे चालवून घेता येतं.

चालवून घेता आलं नाही ते रात्रपाळीचं.

सकाळी सातला सुटून, फाउंड्रीची काळी धूळ अंगावरून काढून आठ-साडेआठला अंथरुणावर पडायचं. नेमका तेव्हाच पाहुण्यांचा दिवस उजाडलेला असतो. त्यांनी गोंधळ घातला असता तर सरळ बोलता आलं असतं. पण आपली माणसं फार समजूतदार. ती कुजबुजतात. ‘चूप राहा ना, झोपून राहिला तो,’ हे आत्याचं वाक्य भिंतीपलीकडून इतकं स्पष्ट ऐकू येतं की मोठ्यानं बोलली असती तर बरं. मग मिक्सर लावायचा नाही असं ठरतं, म्हणून खलबत्ता निघतो. कुकरची शिटी होऊ नये म्हणून कोणीतरी गॅसपाशी राखण बसतं आणि शिटी येणार असं वाटलं की धावत जाऊन गॅस बंद करतं. बाथरूम बेडरूममधूनच, म्हणून काका चप्पल हातात घेऊन, भिंतीला धरून जातात आणि बादली तेवढी नळाला आपटतेच. फोन वाजला की तो घेऊन माणूस बाहेर पळतो आणि दार धाडकन लागतं. झोप माझी जाते आणि अवघडल्यासारखं सगळ्यांना होतं. दुपारी उठून बाहेर यावं तर कळतं, मी उठायची वाट बघत कोणी जेवलेलंही नाही.

यावर इलाज नाही. ‘तुम्ही आपलं मोकळं वागा’ असं सांगितलं तर कुजबुज आणखी हळू होते. माझं पारडं इथंच फिरलं. बाकी सगळे मुद्दे सांगतो, पण ते नंतरचे.

आता लॉज. गावात दोन पट्टे आहेत. एक स्टेशन-मध्यवर्ती बसस्थानकाच्या आसपासचा, शाहूपुरीकडचा, आणि दुसरा मंदिराभोवतीचा: महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडपाच्या आजूबाजूला. सोबत म्हातारं माणूस असेल तर दुसराच घ्या. पहाटेच्या काकड आरतीला चालत जाता येतं, आणि दर्शनाला येणाऱ्यांची अर्धी ओढ त्या आरतीची असते. गोकुळ शिरगावहून पहाटे रिक्षा शोधायची म्हणजे दर्शनाआधीच देवीची परीक्षा. शिवाय पन्हाळा आणि जोतिबा दोन्ही शहराच्या पलीकडच्या अंगाला. आमच्याकडून निघालं की आधी अख्खं कोल्हापूर ओलांडायचं आणि मग पुढचे वीसेक किलोमीटर. गावातून केएमटी (शहर बस), एसटी, वडाप (शेअर जीप) काहीही मिळतं, आणि पाहुणे तुमच्याविना हिंडू शकतात. हा फायदा वरवर लहान वाटतो. पण तुम्ही झोपलेले असताना मंडळी रंकाळ्यावर फिरून, गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं दूध पिऊन, मिसळ हाणून आलेली असतात आणि संध्याकाळी भेटल्यावर त्यांच्याकडं सांगायला काहीतरी असतं. फ्लॅटवर दिवसभर तुमच्या घोरण्याशिवाय ऐकायला काय असतं?

लॉजच्या खोड्याही आहेत. मंदिराजवळच्या जुन्या इमारतींत जिने उभे आणि लिफ्ट असेलच असं नाही. गुडघे दुखणारं कोणी असेल तर खाली खोली आणि कमोड, दोन्ही फोनवरच विचारून घ्या. गरम पाणी कितीपर्यंत येतं तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी ते सकाळपुरतंच असतं आणि दुपारच्या गाडीनं आलेला माणूस पहिली आंघोळ मागतो. चेकआउट बाराचा की चोवीस तासांचा, हे तर नक्कीच. परतीची महाराष्ट्र एक्स्प्रेसही दुपारचीच असल्यानं चोवीस तासांचा असेल तर हिशोब बरोबर जमतो.

गर्दीचं गणित वेगळं. मंगळवार, शुक्रवार आणि नवरात्र सांगायला नको. किरणोत्सव लक्षात ठेवा: ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात ते बघायला लोक येतात. चैत्रात जोतिबाची यात्रा. या दिवसांत खोली मिळाली तरी भाव ऐकून फ्लॅट बरा वाटायला लागेल. आणि जुलैअखेर-ऑगस्टात शक्यतो कोणाला बोलावूच नका. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. तुम्ही नदीच्या एका काठावर आणि पाहुणे दुसऱ्या, असं व्हायचं.

पैशाचं म्हणाल तर फ्लॅट स्वस्त दिसतो. पण गाद्यांचं भाडं, रोजच्या रिक्षा आणि मध्येच संपलेला एकुलता एक सिलिंडर धरला तर फरक वाटतो तेवढा उरत नाही, असा आपला माझा अंदाज. चार-पाच जण चार दिवस असतील तर मात्र फ्लॅटच परवडेल.

खरी अडचण मानापमानाची. ‘घर असताना लॉजवर?’ हे ऐकावं लागतंच. आमच्याकडे तर ते वर्षभर पुरवून ऐकवतात. माझा अनुभव असा, की माझ्या झोपेचं कारण दिलं तर ‘आम्ही आवाज नाही करणार ना’ म्हणून मंडळी थेट फ्लॅटवरच येतात. ‘काकड आरतीला चालत जाता यावं म्हणून देवळापाशी खोली घेतली’ असं तिकीट काढायच्या आधीच सांगितलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही, उलट पोरगा शहाणा ठरतो. एक संध्याकाळ सगळ्यांना फ्लॅटवर आणायचं, फ्रीज उघडून बघू द्यायचा, आत्याला हवी तेवढी आवराआवर करू द्यायची. दुसरी संध्याकाळ तांबड्या-पांढऱ्याची. सावजी खाऊन वाढलेले आमचे लोक तांबडा रस्सा ओरपून ‘तिखट कुठं आहे यात?’ असं वाढप्याला विचारतात, तेवढं सांभाळून घ्या.

दिवसपाळीचा आठवडा असेल, येणारं माणूस आई-वडील किंवा जुना रूममेट असेल, तर मी आजही फ्लॅटच म्हणेन. रूममेट तर कुजबुजतच नाही, लाथ मारून उठवतो. रात्रपाळी असेल, किंवा आत्या-काका-मामींची टोळी असेल, तर लॉज, आणि तोही मंदिराजवळचा. पाळी बदलून मिळत असेल तर प्रश्नच मिटला, पण सुपरवायझरकडं ती उधारी करण्यापेक्षा मला खोलीचं भाडं सोपं वाटतं.

तेवढं भाडं मात्र पाहुणे पोहोचायच्या आधीच फोनपेवर भरून टाका. नाहीतर काउंटरवर काका पाकीट काढतात, तुम्ही त्यांचा हात धरता, मॅनेजर दोघांकडं बघत बसतो, आणि मागे पुढचं गिऱ्हाईक बॅगा घेऊन उभं असतं.