लिथुआनियाचा सांगाडावाला टाय-डाय टी-शर्ट: घ्या, पण आधी आतून उलटा करून बघा

आधी निकाल सांगून टाकते म्हणजे घाईत असलेले सुटतील. टी-शर्ट मस्त आहे, कॉटन जाड आहे, रंग डोळ्यात भरतात आणि खऱ्या टाय-डायचा, म्हणजे कापड बांधून रंगवलेला, मिळाला तर पैसे वसूल. पण याच नावाखाली ऑनलाइन जे काय विकलं जातंय त्यातल्या बऱ्याच मालावर रंगसुद्धा नुसते छापलेले आहेत, त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि मागची गोष्ट माहीत नसताना घेतलात तर तो एक भडक टी-शर्ट आहे, बस. माहीत असेल तर मात्र माझ्या मते बास्केटबॉलमध्ये यापेक्षा भारी कपडा आजवर झालेला नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी, पिवळा हिरवा आणि लाल असे तीन रंग एकमेकांत मिसळलेले, मधोमध उडी मारलेला एक सांगाडा आणि त्याच्या हातात पेटलेला बास्केटबॉल, तो बास्केटमध्ये हाणतोय. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये लिथुआनियाच्या पुरुष संघाने ब्राँझ जिंकलं आणि पोडियमवर पोरं हेच टाय-डाय घालून उभी राहिली. विशेष म्हणजे त्या वर्षी लिथुआनियाच्या ऑलिंपिक पथकाचा अधिकृत ड्रेस जपानचे डिझायनर इस्से मियाके यांनी केला होता, म्हणजे तोही साधासुधा नव्हता, तरी लोकांच्या लक्षात काय राहिलं तर हा सांगाडा.

आता एक गोष्ट स्पष्ट करते कारण विकणारे इथे सर्रास घोळ घालतात. मी जिथून मागवला त्या दुकानाच्या पानावर "ऑलिंपिक मॅच जर्सी" असं लिहिलं होतं. ही मॅच जर्सी नाही. मॅच ते नेहमीच्या जर्सीत खेळले. हा टी-शर्ट आहे, कॉटनचा, मॅचच्या आधी नंतर घालायचा. खेळायला घ्यायचा विचार असेल तर घामाने जड होतो, अंगाला चिकटतो, त्यासाठी नाहीच तो.

बरं, सांगाडा का आणि टाय-डाय का. लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत युनियनमध्ये होता. शारूनास मार्चुल्योनिस हा तिथला खेळाडू १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाकडे गेला, सोव्हिएत युनियनमधून एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, पोहोचलेल्या अगदी पहिल्या खेळाडूंपैकी एक. मार्च १९९० मध्ये लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, जानेवारी १९९१ मध्ये राजधानी विल्न्युसच्या रस्त्यावर सोव्हिएत रणगाडे आले, टीव्ही टॉवरपाशी नि:शस्त्र माणसं मारली गेली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेवटी सोव्हिएत युनियनने त्यांना मान्यता दिली. म्हणजे ऑलिंपिक एका वर्षाच्या आत आलं होतं आणि नव्या देशाकडे संघ पाठवायला पैसेच नव्हते. तर मार्चुल्योनिस आणि वॉरियर्सचा असिस्टंट कोच डॉनी नेल्सन हे दोघं कॅलिफोर्नियात पैसे गोळा करत फिरत होते आणि ही बातमी ग्रेटफुल डेड या रॉक बँडपर्यंत गेली, ते तिथलेच, सॅन फ्रान्सिस्कोकडचे. त्यांनी मदतीचा चेक दिला आणि सोबत लिथुआनियाच्या झेंड्याच्या रंगातले टाय-डाय कपडे. त्यांच्या चाहत्यांचा पेहरावच टाय-डाय, आणि सांगाडे कवट्या हे बँडचं जुनं चिन्ह. ग्रेग स्पायर्स नावाच्या न्यूयॉर्कच्या चित्रकाराने त्यावरून हा बॉल बास्केटमध्ये हाणणारा सांगाडा काढला. त्याच्या डोक्यात तो मेलेल्यांचा सांगाडा नव्हता, राखेतून उठलेल्यांचा होता, म्हणून बॉलला आग.

हे कळल्यावर पुन्हा चित्र बघा. सांगाडा हसतोय आणि उडी वरच्या दिशेने आहे, पूर्ण ताणलेला हात. स्वस्तातल्या कॉप्यांमध्ये नेमकी हीच जागा बिघडते, ज्वाळा नुसत्या केशरी डागासारख्या येतात, बोटांची हाडं एकमेकांत चिकटतात. ऑर्डर देण्याआधी फोटो झूम करून बॉलवरची बोटं बघा, हाडं सुटी सुटी दिसली तर ठीक.

आणि मुख्य टेस्ट, टी-शर्ट आतून उलटा करा. खऱ्या टाय-डायमध्ये कापड बांधून रंगात बुडवलेलं असतं किंवा त्यावर रंग ओतलेला असतो, त्यामुळे रंग आरपार जातो आणि आतली बाजूही जवळपास तेवढीच गडद असते. छापलेल्यात आतून पांढरं फटक. अजून एक खूण म्हणजे काखेत आणि बाहीच्या शिवणीपाशी पांढरे ओरखडे, तिथे कापडाला चुणी पडलेली असते आणि मशीनची शाई पोचत नाही. माझ्याकडे दोन्ही आलेत म्हणून एवढं ठामपणे सांगते. छापलेला पॉलिस्टर मिक्स होता, अंगावर गार आणि गुळगुळीत लागतो, उन्हात नकोसा होतो. खरा कॉटनवाला पहिल्यांदा कडक वाटतो, धुण्यांनी मऊ होत जातो. दोन पीस कधीच सारखे नसतात, माझ्यावर हिरवा जास्त आलाय आणि लाल खाली उजव्या कडेला सरकलाय, काहींना ते डिफेक्ट वाटतं, मला नाही वाटत.

धुण्याबद्दल. पहिली काही धुणी वेगळा, गार पाण्यात, पाण्यात लाल सुटतो पण तो वरचा जादाचा रंग असतो. मीठ घाला व्हिनेगर घाला असं सगळीकडे सांगतात, या प्रकारच्या रंगाला त्याने काही होत नाही, रंग पक्का होतो तो रंगवतानाच धुण्याच्या सोड्याने. उलटा करून सावलीत वाळवा आणि सांगाड्यावर डायरेक्ट इस्त्री फिरवू नका, प्रिंटला भेगा पडतात.

आता माझी खरी तक्रार. पार्सलमध्ये टी-शर्ट आणि बिल, बस. एक कार्ड नाही, चार ओळी नाहीत. ज्या संघाच्या नावावर विकताय त्याच्याबद्दल काहीच नाही. निदान मागे काय घडलं ते तरी छापा ना. १९९२ हे वर्ष टी-शर्टवर मिरवतं त्यामुळे लोकांना वाटतं हा देश बास्केटबॉलमध्ये तेव्हा उगवला, तसं अजिबात नाहीये.

१९३७ मध्ये रिगाला युरोपियन चॅम्पियनशिप झाली, लिथुआनिया फायनलमध्ये इटलीला २४-२३ ने हरवून चॅम्पियन. अमेरिकेत वाढलेले लिथुआनियन वंशाचे खेळाडू मदतीला आले होते. त्यांच्यातलाच एक फ्रँक लुबिन, तिकडे प्रानास लुबिनास, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून गोल्ड जिंकलेला माणूस, तो १९३९ मध्ये लिथुआनियाकडून खेळला. ती स्पर्धा काउनासमध्ये होती आणि तिच्यासाठी हॉल बांधला, खास बास्केटबॉलसाठी बांधलेला युरोपातला पहिला. लातव्हियाविरुद्धची मॅच ३७-३६, शेवटची बास्केट लुबिनासची, पुन्हा चॅम्पियन. पुढच्याच वर्षी सोव्हिएत सैन्य आलं आणि देशच नकाशावरून गेला, संघ कुठला.

मग पन्नास वर्षं हे लोक सोव्हिएत संघातून खेळले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या, अमेरिकेला हरवलेल्या त्या वादग्रस्त ५१-५० फायनलमध्ये मोदेस्तास पाउलाउस्कास होता. १९८५, ८६, ८७ अशी सलग तीन वर्षं काउनासचा झाल्गिरिस क्लब सोव्हिएत लीग जिंकला, मॉस्कोच्या आर्मी क्लबला मागे टाकून, आणि ते तिथल्या लोकांसाठी खेळापुरतं नव्हतं, कारण मोठ्याने बोलायला दुसरी जागाच नव्हती. १९८८ सोल ऑलिंपिक, सोव्हिएत संघाने सेमीमध्ये अमेरिकेला ८२-७६ ने पाडलं आणि फायनलमध्ये युगोस्लाव्हियाला ७६-६३. संघात चार लिथुआनियन, साबोनिस, मार्चुल्योनिस, कुर्तिनाइतिस, खोमिचुस, आणि भार याच चौघांवर होता. जगाने टीव्हीवर काय बघितलं तर लाल जर्सी आणि सोव्हिएत राष्ट्रगीत. पिवळा हिरवा लाल झेंडा तर त्याच वर्षी कुठे परत उघडपणे फडकवता यायला लागला होता, त्याआधी तो बाळगला तरी शिक्षा. म्हणून हे रंग अंगावर घालणं ही त्यांच्यासाठी काय चीज होती ते समजून घ्या, टाय-डाय भडक आहे म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

तेच चौघं चार वर्षांनी बार्सिलोनात आपल्या देशाकडून आले. कोच व्लादास गारास्तास. सेमीमध्ये ड्रीम टीमने, म्हणजे एनबीएच्या स्टार खेळाडूंच्या अमेरिकन संघाने, १२७-७६ ने धुतलं, त्यात काही लपवण्यासारखं नाही, त्या वर्षी त्यांनी सगळ्यांनाच धुतलं. पण ब्राँझच्या मॅचला समोर कोण, तर माजी सोव्हिएत देशांचा संयुक्त संघ! कालपर्यंतचे स्वतःचेच सहकारी, आणि ग्रुपमध्ये याच संघाकडून लिथुआनिया हरला होता. ८ ऑगस्ट, ८२-७८ ने लिथुआनिया जिंकला. साबोनिस २२१ सेंटिमीटर उंच, टाचेच्या दुखापतींनी आधीच पाय खराब झालेले, तरी तो पास करतो बघा, पाठ बास्केटकडे आणि नजर तिसरीकडेच. त्या मॅचचं रेकॉर्डिंग शोधून एकदा तरी बघा, शेवटची पाच मिनिटं तरी. ड्रेसिंग रूममध्ये देशाचे प्रमुख लँड्सबर्गिस यांनाही पोरांनी शॅम्पेनने भिजवलं. आणि मग हे टी-शर्ट.

नंतरचंही कमी नाही. १९९६ अटलांटा ब्राँझ, २००० सिडनी ब्राँझ, सिडनीच्या सेमीत अमेरिकेशी ८५-८३, शेवटच्या क्षणी लिथुआनियाच्या यासिकेविचुसने मारलेला थ्री, म्हणजे लांबून टाकायचा तीन पॉइंटचा शॉट, आत गेला नाही, गेला असता तर... अजूनही तो क्षण बघवत नाही मला. २००३ मध्ये स्टॉकहोमला स्पेनला ९३-८४ ने हरवून युरोपियन चॅम्पियन, १९३९ नंतर पहिल्यांदा. २००४ ला अथेन्समध्ये त्याच यासिकेविचुसने अमेरिकेला ९४-९० ने हरवण्यात २८ पॉइंट टाकले. २०१० वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ब्राँझ. २०११ मध्ये घरच्या मैदानावर मॅसेडोनियाकडून क्वार्टर फायनलला दोन पॉइंटने हार, ती जखम मोठी. २०१३ आणि २०१५ युरोपियन चॅम्पियनशिपमध्ये सिल्व्हर. टोकियो ऑलिंपिकची पात्रता काउनासमध्येच होती आणि स्टार खेळाडू डोन्चिचच्या स्लोव्हेनियाने तिथेच येऊन बाहेर काढलं, पॅरिसही हुकलं. मधे २०२३ वर्ल्ड कपला मनिलात अमेरिकेला ११०-१०४, पहिले नऊच्या नऊ थ्री आत! आणि पुढच्या मॅचला सर्बियाकडून हार. या संघाला फॉलो करायचं तर हे चढउतार आलेच. तीस लाखांच्याही आतला देश आहे हा, लोकसंख्या बघून संघाचा अंदाज बांधणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

परत टी-शर्टकडे. साइझ अमेरिकन आहे, म्हणजे नेहमीपेक्षा एक नंबर कमी घ्या, खांदे बरेच खाली उतरतात, नव्वदच्या दशकातला लूज फिट हवा असेल तर आहे तोच घ्या. गळ्याची पट्टी जाड आहे, ढिली पडत नाही, मात्र मानेमागचं लेबल टोचतं, मी कापून टाकलं. टी-शर्टवर चित्राच्या खाली कलाकाराची सही किंवा कॉपीराइटची बारीक ओळ आहे का बघा. हे चित्र स्पायर्सचं आहे, रीतसर परवानगीने छापलेला थोडा महाग पडतो पण तोच घ्या, कारण हा टी-शर्ट मुळात संघाला पैसे मिळावेत म्हणून विकला गेला आणि आता त्याच्या चोरट्या कॉप्या घ्यायच्या हे मला पटत नाही. जुने १९९२ चे ओरिजिनल पीस पण कलेक्टर लोक विकतात, त्यात शिवण सुटलेली आहे का आणि काखेत रंग उडालाय का याचे वेगळे फोटो मागून घ्या, समोरच्या एका फोटोवर जाऊ नका. लांब बाह्यांचाही येतो, त्यात बाहीवर रंग फिका उतरतो म्हणून मी हाफच सांगेन. दोन महिने झाले नियमित घालते, सांगाड्याला अजून एकही भेग नाही. भावाला पण हाच मागवलाय, एक्सएल.