‘वडिलांचा’ कॅमेरा

धुऊन आलेला रोल उजेडाकडे धरला, तर त्याचा पहिला अर्धा भाग कोराच. फिल्म पारदर्शक, चित्राचा मागमूस नाही, फक्त एका कडेने आत उतरलेले काळे ओघळ. पुढच्या सहा चौकटी मी काढलेल्या. त्यातल्या दोन एकमेकींवर चढल्या होत्या, दुसऱ्या दोघींच्या मध्ये बोटभर रिकामी जागा सुटली होती, आणि ओघळ तर सहाही चौकटींत. तो दिवसभर मी स्वतःलाच दोष देत होतो. मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या फिल्मचा, माझा पहिलाच रोल, म्हणजे चूक माझीच असणार असं मी धरून चाललो. ज्याने हा जुना कॅमेरा विकून मला शेंडी लावली तोही बहुधा हेच धरून चालला होता.

आधी मोह कसला होता ते सांगतो. मीडियम फॉरमॅटचा १२० चा रोल १९०१ पासून बाजारात आहे. त्यावर चौकोनी कॅमेऱ्यात बारा फोटो निघतात आणि प्रत्येक चौकट साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरची येते. नेहमीच्या ३५ मिमी फिल्मची चौकट २४ बाय ३६. क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. अशी निगेटिव्ह एकदा लाइट टेबलवर पाहिली की माणूस कामातून जातो. मीही गेलो. हवा होता हॅसलब्लॅड ५००सी/एम. बॅटरी नाही, सगळं यांत्रिक, आणि सुटे भाग एकमेकांना जोडून बनणारा. पुढे लेन्स, मध्ये बॉडी, वर व्ह्यूफाइंडर, मागे फिल्मचं मॅगझिन. शटरसुद्धा बॉडीत नाही, प्रत्येक लेन्सच्या पोटात. या रचनेचं मला फार कौतुक होतं. ती रचना फसवणाऱ्याच्याही किती सोयीची आहे, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

जाहिरातीत लिहिलं होतं: ‘वडिलांचा कॅमेरा, त्यांनी १९७४ साली नवा घेतलेला, एकहाती वापर, फिल्मवर तपासलेला.’ सोबत एक फोटो होता. खिडकीच्या काचेवर धरलेली निगेटिव्हची पट्टी, तिच्यावर चार चौकटी: जिना, सायकल, बाक आणि एक अर्धी उघडी खिडकी. चारही खणखणीत. तो फोटो मी मोठा करकरून पाहिला. फिल्मवर तपासलेला म्हणजे प्रश्नच मिटला.

गृहस्थ अगदी सौम्य होते. बोलताना मला मध्येच तोडत नव्हते, घाई करत नव्हते. मी पोचलो तेव्हा कॅमेरा टेबलावर तयार होता आणि ते शटर दाबून दाबून दाखवत होते. एक सेकंद, अर्धा, पाव, पुन्हा एक सेकंद. गिअरची ती कुर्रर्र कानाला गोड लागत होती. मी मनातल्या मनात सेकंद मोजला, बरोबर आला. लेन्सला रॉकेलसारखा अगदी पुसट वास येत होता. म्हटलं, कुणीतरी नीट पुसलेली दिसते.

मी लेन्स काढून पाहू का विचारलं, तर म्हणाले, “उगाच काढू नका. या कॅमेऱ्याची लेन्स बाजूची क्रँक फिरवून शटर ताणलेलं असेल तरच काढायची असते. चुकलं की अडकते, मग मेकॅनिकशिवाय सुटत नाही.” हे शंभर टक्के खरं आहे. मी वाचलेलंही होतं. त्यामुळे माणूस जाणकार आहे असंच वाटलं. खरं तर ‘मग ताणूनच काढू या’ एवढंच उत्तर मी द्यायला हवं होतं. क्रँकचा एक फेरा, बस.

मग मॅगझिन उघडतो म्हणालो. “अहो, आत रोल आहे, सहा फोटो झालेत. उघडलंत तर प्रकाश जाईल. राहू द्या, उरलेले सहा तुम्ही काढा, माझ्याकडून भेट.” हेही खरंच. काउंटर सहावर होता. डार्क स्लाइड, म्हणजे फिल्म झाकणारी पत्र्याची पट्टी, घालून मॅगझिन बॉडीवरून वेगळं करून मात्र त्यांनी आनंदाने दाखवलं. बॉडीच्या मागच्या खालच्या कडेवर नंबर होता, त्याच्या सुरुवातीला आर आणि आय ही दोन अक्षरं. मी मान डोलावली. मला त्या अक्षरांतलं ओ की ठो कळत नव्हतं.

तर हिशोब असा की तो माणूस माझ्याशी फार थोडं खोटं बोलला. जिथे मला नजर टाकू द्यायची नव्हती, तिथे त्याने खऱ्या नियमांचा पडदा धरला. मी सहा महिने जमवलेले पैसे मोजून दिले आणि वर आभारही मानले.

दोन-अडीच आठवड्यांत शटर जड झालं. एक सेकंदावर लावलं की कुर्रर्र सुरू व्हायची, मध्ये दम लागल्यासारखी मंदावायची आणि जवळजवळ दोन सेकंदांनी संपायची. तोवर तो रोलही धुऊन आला होता. मी फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “रोल भरताना त्याच्या कागदावरचा बाण खुणेला लावला होता ना?” रोल त्यांनीच भरलेला होता हे मी लक्षात आणून दिलं, तेव्हा म्हणाले, “जुनी वस्तू आहे हो, जशी आहे तशी दिलीय.” त्यानंतर फोन उचलणं बंद.

कॅमेरा घेऊन एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. हे काका चाळीसएक वर्षं फक्त शटर उघडत आलेले. बोलणं कमी, नाराजी जास्त. त्यांनी आधी मॅगझिन घेतलं. त्याचं कवच आणि आतला रोल धरणारा सांगाडा हे दोन्ही कारखान्यातून जोडीने निघतात. कवचावरच्या नंबराचे शेवटचे तीन आकडे सांगाड्यावरही असतात. माझ्या कवचावरचे आकडे वेगळे, सांगाड्यावरचे वेगळे. “हा नवरा एका लग्नातला, ही नवरी दुसऱ्या,” काका म्हणाले. जोडी जुळत नसली म्हणजे मॅगझिन वाया गेलंच असं नाही, अशी कितीतरी मॅगझिनं बिनतक्रार चालतात. पण ते कुणीतरी उकिरड्यातून जुळवलंय याची ती खूण असते. माझ्यात फिल्म पुढे नेणारे गिअर झिजले होते, म्हणून चौकटी कधी चढायच्या, कधी लांब पडायच्या. बाण चुकला तर सगळ्या चौकटी एकत्र पुढेमागे सरकतात, एकमेकींवर चढत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं. डार्क स्लाइड ज्या फटीतून आत जाते तिथे फोम आणि पातळ पत्रीचं सील असतं. फोमचा भुगा झाला होता. ओघळ तिथून यायचे.

मग लेन्स, ८० मिमी प्लॅनार. क्रँक फिरवली, लेन्स काढली, मागून टॉर्च मारला. पाच सेकंदांचं काम. आतल्या काचेवर दुधाळ धूर. मागच्या रिंगच्या खाचांजवळ पान्याचे चकचकीत ओरखडे, म्हणजे कुणीतरी अलीकडेच उघडलेली. आणि तो वास. शटरमधलं जुनं ग्रीस सुकून घट्ट झालं की मंद वेग अडकतात. त्यावर स्वस्तातला इलाज म्हणजे आत लायटरचं इंधन ओतायचं. ग्रीस तात्पुरतं पातळ होतं, शटर पळतं. इंधन उडून गेलं की सुटलेलं ग्रीस पात्यांवर आणि काचेवर जाऊन बसतं, शटर पुन्हा जड. शिवाय मी पोचण्याआधी त्या गृहस्थाने दहा-वीसदा शटर चालवून ठेवलं होतं. सुकलेलं शटर असं हलवून मोकळं केलं की तासभर शहाण्यासारखं वागतं. म्हणून विकणाऱ्याला मी आता आधीच सांगतो की मी येईपर्यंत कॅमेऱ्याला हात लावू नका. एक सेकंदाची पहिली खेप जे सांगते, ते विसावी सांगत नाही.

बॉडीवरची ती दोन अक्षरंही काकांनी वाचली. हॅसलब्लॅडचं साल व्ही, एच आणि पुढे ‘पिक्चर्स’ या शब्दाची आठ अक्षरं अशा दहा अक्षरांत लपवलेलं असतं. व्ही म्हणजे एक, एच म्हणजे दोन, असं करत ई म्हणजे नऊ आणि शेवटचा एस शून्य. आर आठ, आय चार. वडिलांनी १९७४ साली नवा घेतलेला कॅमेरा बनला होता १९८४ साली.

इथपर्यंत मी त्या गृहस्थाला संशयाचा फायदा द्यायला तयार होतो. माणसं साल विसरतात. वडिलांच्या पश्चात आलेल्या वस्तूचं मुलाला काय कळणार, असंही वाटत होतं. काकांनी माझ्या सहा वाईट निगेटिव्हांवर भिंग धरलं आणि मला बोलावलं. चौकटीच्या एका कडेला दोन बारीक खाचा, व्ही आकाराच्या. हॅसलब्लॅडच्या मॅगझिनच्या चौकटीतच त्या असतात, त्यामुळे त्यातून निघालेल्या प्रत्येक चित्राच्या कडेला उमटतात. कॅमेऱ्याची सहीच म्हणा. मी खिशातून फोन काढला आणि जाहिरातीतली ती पट्टी मोठी केली. जिना, सायकल, बाक, खिडकी. चारही चौकटींच्या कडा सरळसोट, एकीलाही खाच नाही.

ते फोटो या कॅमेऱ्याचे नव्हतेच. आणि भेट मिळालेल्या रोलच्या पहिल्या सहा कोऱ्या चौकटींचाही उलगडा झाला. लेन्सवर झाकण ठेवून सहा वेळा शटर दाबायचं, काउंटर सहावर आणायचा, की घेणाऱ्याला मॅगझिन उघडताच येत नाही. एक रोल खर्चून त्याने मला त्या जुळत नसलेल्या नंबरांपासून दूर ठेवलं. खरं सांगायचं तर या युक्तीचं मला आजही थोडं कौतुक वाटतं, आणि त्या कौतुकाचा राग येतो.

आता मी कसं पाहतो ते सांगतो. आत रोल असेल तर मॅगझिन उघडल्याशिवाय पुढे बोलायचंच नाही. रोल वाया गेला तर त्याचे पैसे मी देईन म्हणतो. या एका वाक्यावर समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. सोबत एक वाया गेलेला रोल नेतो, तो भरून बारा चौकटी फिरवतो आणि प्रत्येक चौकटीच्या कडा पेनाने आखतो. बाहेर काढला की अंतरं समोर दिसतात. मग मॅगझिन बाजूला ठेवून बॉडीच्या मागून डोळा लावतो. हॅसलब्लॅडमध्ये लेन्सचं शटर उडण्याआधी मागच्या दोन झडपा पूर्ण उघडायला हव्यात. त्या आळसावल्या की फोटोचा काही भाग अंधारात जातो. मंद वेगांसाठी मोबाइलचा स्लो मोशन पुरतो. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या फोनवर एक सेकंदाचं शटर साधारण २४० चित्रं उघडं दिसायला हवं, पाव सेकंदाचं ६०. फक्त शटर बंद होईपर्यंत बटण दाबून धरायचं, नाहीतर मागच्या झडपा आधीच मिटतात आणि आपण चांगल्या लेन्सला नावं ठेवतो. काचेवरचा एखादा ओरखडा किंवा धूळ मी सोडून देतो, फोटोत ती शोधूनही सापडत नाही. बुरशी मात्र नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले की नमस्कार करून उठायचं. ती पुसली तरी काच खाऊन गेलेली असू शकते.

दुसरा कुठला कॅमेरा घेणार असाल तर दुखणी दुसरी. मामिया आरबी६७ च्या, लेन्स पुढेमागे करणाऱ्या भात्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च लावला की ती चांदण्यांसारखी चमकतात. त्याच्या फिरत्या मागच्या भागाचा फोम चिकट डांबरासारखा झालेला असतो, पण तो बदलणं घरच्या घरी जमतं, त्यावरून भाव पाडून घ्यावा. पेंटॅक्स ६७ च्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवाल्या प्रिझमला, म्हणजे वरच्या व्ह्यूफाइंडरला, जोडणारी एक नाजूक साखळी असते. ती तुटली की मीटर वाटेल ते सांगतो. पेंटाकॉन सिक्समध्ये चौकटी चढण्याचा रोग जुनाच. बॅटरीवर चालणाऱ्यांबद्दल माझा हात आखडतो. कॉन्टॅक्स ६४५ देखणा आहे, पण तो बनवणाऱ्या क्योसेराने २००५ मध्ये या धंद्यातून अंग काढलं. आतलं सर्किट गेलं तर काकांसारखा माणूसही हात वर करतो.

काकांनी माझं शटर उघडून धुतलं, नीट तेल घातलं, सील बदललं. काचेवरचा धूर बराचसा गेला, थोडा राहिला. मॅगझिन मात्र दुसरं घ्यावं लागलं. नंबर जुळणारं.

चारेक महिन्यांनी मी दुसऱ्या कुणासाठी कॅमेरा शोधत असताना खिडकीच्या काचेवर धरलेली एक निगेटिव्हची पट्टी समोर आली. जिना, सायकल, बाक, अर्धी उघडी खिडकी. ‘फिल्मवर तपासलेला.’ या वेळी कॅमेरा होता ब्रॉनिका एसक्यू-ए, वडिलांचा नव्हे, मामांचा, आणि मामांनी तो १९७८ साली नवा घेतला होता. एसक्यू-ए बाजारात आला १९८२ साली.